गेम ऑफ थ्रोन्स: आठवा सीझन आधीच्यांच्या तोडीचा होता का? (शेवट उघड केला आहे)

बांधावरून

या विषयावर आपल्या भागातल्या लोकांशी निवांत बोलायचं होतं म्हणून धागा काढतो आहे. शहरातल्या ग्रुपवर २०१९ मध्येच यावर भांडून झालं. राजगादीसाठी घराणी भांडतात ती ही इंग्रजी मालिका आपल्याकडे बरेच जण मागाहून पाहायला लागले. आरमोरी-वडसा पट्ट्यातली काही पोरं तर अशी भेटली, की सात सीझन जागून पाहिले आणि आठवा अर्ध्यात सोडला. ज्यांना शेवट माहीत करून घ्यायचा नाही त्यांनी इथंच थांबावं, मी सगळं लिहिणार आहे.

माझं मत आधी सांगतो. आठवा सीझन तोडीचा नाही. शेवटी काय घडलं यावर माझी तक्रार नाही. गादीवर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसनं राजधानीचं शहर जाळणं, तिचा प्रियकर जॉननं तिला मारणं, स्टार्क घरातला ब्रॅन राजा होणं, हे तिन्ही मला पटलं असतं. तिथपर्यंत नेणारी वाट मात्र कापून टाकली.

पहिला सीझन आठवा. राजा रॉबर्ट राजधानी किंग्ज लँडिंगहून उत्तरेत विंटरफेलला नेडकडे येतो तेव्हा राणीच्याच तोंडी येतं की आम्ही महिनाभर प्रवासात आहोत. त्या एका वाक्यानं राज्य केवढं आहे ते कळतं. नेड दक्षिणेत अडकतो तेव्हा उत्तरेतून कोणी धावून येईल अशी आशाच उरत नाही, कारण अंतर आपण पाहिलेलं असतं. नवव्या भागात त्याचं मुंडकं उडतं तेव्हा मुलगा रॉबचं सैन्य निघालेलं आहे, पण पोचलेलं नाही. सगळी भीती त्या ‘पोचलेलं नाही’ मध्ये आहे.

आता सातव्याचा सहावा भाग घ्या. जॉन आणि मंडळी भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात अडकतात. गेंड्री पळत भिंतीपर्यंत जातो, तिथून कावळा ड्रॅगनस्टोनला उडतो, तिथून डेनेरिस ड्रॅगन घेऊन परत उत्तरेला येते, आणि हे तळ्यातल्या बेटावर तसेच उभे. तिथं माझा विश्वास पहिल्यांदा सुटला. आठव्यात तर कोण कुठून कधी आलं हे विचारायचीच सोय राहिली नाही.

पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात, आठवा फक्त सहा. एकूण ७३. शेवटचे भाग लांब होते हे खरं, काही तर सव्वा तासाच्या वर. पण ते लांबले लढाईनं. माणसं एकमेकांशी बोलत बसायची ते दृश्य आटत गेलं, आणि मला या मालिकेची ओढ त्या बोलण्यापायी लागली होती.

तुमचं काय मत? सविस्तर लिहा, ‘बकवास होता’ एवढंच लिहू नका.

पर्लकोटा

भाऊ, अंतराचा मुद्दा बरोबर पकडला. मी भामरागडला नोकरीला होतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं. गडचिरोलीतून निघालेला माणूस आल्लापल्लीत थांबला आहे की पुढं नाल्यापाशी अडकला आहे, हे पाणी उतरेपर्यंत कळत नाही. असल्या गावात राहिलेल्याला ‘निरोप पोचला की नाही’ यात केवढा जीव टांगलेला असतो ते वेगळं सांगावं लागत नाही. मालिकेच्या पहिल्या चार सीझनमध्ये तोच जीव टांगलेला असायचा. नेडची बायको कॅटलिन आणि रॉबला वाटत राहतं की धाकटी आर्या मेली असेल, आर्या चालत-चालत त्यांच्यापर्यंत येते आणि लग्नात त्या दोघांना दगा देऊन मारलं त्याच रात्री दारात पोचते. काही पावलं आधी पोचली असती तर तीही मेली असती. तिसऱ्या सीझनचा नववा भाग लोक रक्तासाठी लक्षात ठेवतात, मला ते उशिरा पोचणं जास्त लागलं.

आठव्यात उशिरा कोणीच पोचत नाही.

ओलीत

बांधावरून भाऊ, तुमचं सगयं वाचलं. पण मले काही पटलं नाही. म्या हे मालिका २०२० च्या लॉकडाऊनमधी पाह्यली. अकोटकडं घरीच होतो, कपाशी घरात पडून होती, कुठं जायची सोय नोयती. पयल्या सीझनपासून आठव्यापर्यंत एका दमात. मधात दोन-दोन वर्षं थांबून पाहणाऱ्याले जे तुटलं वाटते ते मले तुटलं वाटलं नाही.

तुमी म्हणता डेनेरिसची वाट कापली. मी म्हणतो, वाट पयल्यापासून दिसत होती, आपुन पाह्यली नाही. तिच्या भावाच्या डोक्यावर वितयलेलं सोनं ओतते तवा ते पापणी हालवत नाही. मीरीन शहरामधी गुलामायच्या मालक लोकायनं १६३ लेकरं खांबावर ठोकली होती, तिनं मोजून तेवढेच मालक ठोकले. आपुन टाया वाजवल्या. मंग त्या मालकायपैकी एकाचा पोरगा हिझदार येते, म्हणते माझा बाप त्या लेकरायले ठोकायच्या विरोधात बोलला होता, तुमी त्यालेच ठोकलं, निदान मयत तरी द्या. तवाचा तिचा चेहरा पाहा. दोषी कोन, निर्दोष कोन, हे तिनं इचारलंच नोयतं. चौथ्या सीझनमधली गोष्ट हाये हे. सातव्यात शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकायले जाळलं, तिचा सल्लागार टिरियन समजावत राह्यला, ऐकलं नाही.

शेवटच्या भागात टिरियन जॉनले हेच सांगते, की हे जिथं गेली तिथं वाईट माणसं मारली, म्हून आपुन तिले डोक्यावर घेतलं. तो बोलते जॉनशी, पण ऐकाचं आपुन हाये. मले वाटते इतक्या मोठ्या मालिकेनं पाहणाऱ्यालेच जाब इचारावा, हे धाडस दुसऱ्या कोनी केलं नाही. तोडीचा हाये आठवा. काही बाबतीत वरचढ हाये.

अंबाडी

ओलीत भाऊ, हिझदारचं दृश्य आठवून दिलंत याबद्दल आभार. ते लोक विसरतात. डेनेरिसच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे, निदान अर्धी. बी पेरलेलं होतं. पण घंटा वाजल्यावर, शहर शरण आल्यावर ती झेपावते त्या क्षणी तिच्या मनात काय चाललंय ते दाखवायला एक चेहरा आणि काही सेकंद दिले. त्याआधी एका भागात तिच्या विश्वासू मिसांडेचं मुंडकं उडालं, तिच्या रेगल ड्रॅगनला समुद्रावरून बाण लागला, पुढच्या भागाच्या सुरुवातीला तिचा सल्लागार व्हॅरिसला जाळलं. एवढ्या तीन गोष्टींवर आधी अख्खा सीझन गेला असता. रेगलच्या वेळी तर तिला शत्रूचं आरमार दिसलंच नाही. भागानंतरच्या चित्रफितीत निर्मात्यांनी स्वतः सांगितलं की डेनेरिस त्या आरमाराला जरा विसरली होती. युद्धाला निघालेली राणी शत्रूचं आरमार विसरते? याच मालिकेत आधी लहानशा चुकीची किंमत माणसाला मुंडक्यानं द्यावी लागायची.

मला खरा राग राणी सर्सीचा भाऊ आणि प्रियकर जेमी याच्या बाबतीत आहे. तिसऱ्या सीझनमधलं हॅरेनहॉलचं न्हाणीघर आठवा. हात तुटलेला, तापानं फणफणलेला जेमी लढवय्या ब्रिएनला पहिल्यांदा सांगतो की वेड्या राजाला मी का मारलं. राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता, जमिनीखाली ठिकठिकाणी वाइल्डफायर नावाचं पेट घेणारं रसायन पेरून ठेवलं होतं, आणि तो ‘जाळा, जाळा’ म्हणत होता. लाखो माणसं वाचवली म्हणून जन्मभर ‘राजाचा मारेकरी’ हे नाव घेऊन जगला. सांगता सांगता कोसळतो आणि म्हणतो मला माझ्या नावानं हाक मारा. त्या दृश्यात तलवार नाही, ड्रॅगन नाही. वाफ, पाणी आणि दोन माणसं. मालिकेतलं सगळ्यात मोठं दृश्य मी त्यालाच मानते.

आणि आठव्याच्या पाचव्या भागात हाच माणूस टिरियनला सांगतो की त्या शहरातल्या लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हती. हे वाक्य लिहिणाऱ्यानं न्हाणीघराचं दृश्य पुसून टाकलं. तो सर्सीकडे परत जातो यावर माझा आक्षेप नाही, माणूस जुन्या खोड्याकडे परत जातोच. पण जाताना त्याच्या तोंडून खोटं वदवलं.

बांधावरून

अंबाडीताई, ब्रिएनवरून आठव्यातला दुसरा भागही सांगायला हवा. मला तो पूर्ण मालिकेतल्या वरच्या पाच-सहा भागांत बसतो. उद्या मरायचं आहे हे माहीत असलेली माणसं शेकोटीभोवती बसली आहेत, लढाई अजून आलेली नाही. जेमी ब्रिएनला गुडघ्यावर बसवतो आणि सरदारकी देतो. टॉर्मंड टाळ्या वाजवतो. ब्रिएन हसते, आणि आठ सीझनमध्ये तिला एवढं मोकळं हसताना आपण पाहिलेलंच नसतं. हा भाग ब्रायन कॉगमननं लिहिला, तो सुरुवातीपासून या मालिकेवर होता. त्याच सीझनमध्ये तोच जुना दर्जा एकदा दिसतो म्हणून पुढचं अधिक खटकतं. येत नव्हतं असं म्हणायला जागाच उरत नाही.

अंबाडी

तो भाग मान्य, दहापैकी दहा. आणि त्याच ब्रिएनला दोन भागांनंतर अंगणात रडत उभी केली.

आणखी एक, आर्याची बहीण सान्सा. चौथ्या भागात ती जुन्या ओळखीच्या हाउंडला म्हणते की फसवणारा लिटलफिंगर आणि छळणारा नवरा रॅमसे आयुष्यात आले नसते तर मी चिमणीच राहिले असते. बाईवर अत्याचार झाले म्हणून ती खंबीर झाली, हा हिशोब मला कुठल्याच गोष्टीत चालत नाही. सान्सा खंबीर झाली ती दरबारात गप्प बसून सगळं पाहत, शिकत. ते आधीच्या सीझनांनी फार बारकाईनं दाखवलं होतं.

वडस्याचा ऑर्गन

मी झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवर बसतो, म्हणून शेवटाबद्दल आणि संगीताबद्दल थोडं लिहितो.

आमचं नाटक रात्री उशिरा उभं राहते आणि पहाटेपर्यंत चालते. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. धान कापून झालेल्या बांधीत शामियाना लागते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लोक घोंगडी-चादरी घेऊन बसतात. शेवटचा अंक सुरू होतो तेव्हा लहान पोरं झोपलेली असतात, म्हातारी माणसं मात्र जागी. त्यांना शेवट काय होणार ते बहुतेक वेळा ठाऊक असते. तरी ती उठत नाहीत, कारण बापलेकीची भेट कशी होते, कोण आधी बोलते, किती वेळ गप्प राहते, हे त्यांना पाहायचं असते. शेवटच्या अंकात आम्ही घाई केली की पडदा पडल्यावर लोक येऊन तोंडावर बोलतात. पहाट झाली, गाडी दुसऱ्या गावाला काढायची आहे, हे कारण त्यांच्यापुढं चालत नाही.

या मालिकेच्या बाबतीत तर गाडी काढायची घाईही नव्हती. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती, आपण ७३ भागांतच संपवायचं हे बेनिऑफ आणि वाइस या दोघा निर्मात्यांनी ठरवलं होतं.

संगीतात मात्र आठवा सीझन कुठंही कमी पडला नाही, हे मी छातीठोक सांगतो. रामिन जवादीनं सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात पहिल्यांदा पियानो वापरला, सर्सीच्या खटल्याच्या दिवशी. तोपर्यंत मालिकेत चेलो, ढोल, गळा, पण पियानो नाही. म्हणून ते पहिले सूर ऐकताच अंगावर काटा येते, काहीतरी अघटित होणार हे कान आधी ओळखते. आठव्याच्या तिसऱ्या भागात मेलेल्यांच्या सैन्याचा राजा नाइट किंग चालत येते तेव्हा पुन्हा पियानो. तलवारींचा, किंकाळ्यांचा सगळा आवाज बाजूला होते आणि फक्त ते हळू हळू पडणारे सूर. ऐकणाऱ्याला आठवते, मागच्या वेळी हे वाजलं तेव्हा काय झालं होतं. तीन वर्षांपूर्वीचं उसनं असं फेडणं सोपं नाही. त्या भागाच्या संगीताला एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार, मिळाला तो रास्तच होता.

पर्लकोटा

ऑर्गनभाऊ, तिसऱ्या भागाचा विषय काढलाच आहे तर त्याच्या अंधाराबद्दल बोलू. तेव्हा सोमवारी सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर भाग यायचा, अमेरिकेसोबतच. एप्रिल-मे महिना. इथं सातला ऊन डोळ्यांवर येते. मोबाइलवर, ब्राइटनेस पूर्ण करून, तरी काळ्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसत होता. खालची इंग्रजी अक्षरं वाचून अंदाज बांधला. कॅमेरामननं नंतर सांगितलं की लोकांच्या टीव्हीची सेटिंग नीट नाही. पण ज्याच्या हातात पाच-सहा इंची फोन आहे तोही प्रेक्षकच ना.

पुढं रात्री, दिवे घालवून, मोठ्या टीव्हीवर तो भाग पुन्हा पाहिला तेव्हा तो किती मेहनतीनं केला आहे ते दिसलं. डेनेरिसच्या डोथ्राकी घोडेस्वारांच्या हातातली पेटलेली हजारो पाती अंधारात दौडत जातात, दूर जाऊन एकेक विझतात, आणि मग काहीच ऐकू येत नाही. किल्ल्यावर उभ्या असलेल्यांचे चेहरे फक्त. हा प्रसंग मी पहिल्या सीझनांतल्या कुठल्याही प्रसंगाशेजारी ठेवीन. ५५ रात्री चित्रीकरण केलं होतं त्या लढाईचं.

पण त्याच भागात शहाण्या सेनापतींनी घोडदळ अंधारात आधी सोडलं, दगड फेकणारी यंत्रं तटाबाहेर मांडली, आणि मेलेल्यांना उठवणारा शत्रू असताना बायका-पोरांना मढ्यांच्या तळघरात कोंडलं. दुसऱ्या सीझनमधली ब्लॅकवॉटरची लढाई आठवा. कमी पैशात केली होती, पण टिरियनची प्रत्येक चाल समजत होती. वाइल्डफायर, मागचं दार. इथं तीच माणसं एकदम अडाण्यासारखी वागतात.

ओलीत

लढाईच्या डावपेचाचं मान्य हाये पर्लकोटा दादा, तेथी मी वाद घालत नाही. आर्यानं नाइट किंगले मारलं ते मात्र मले आवडलं. जो खंजीर पयल्या सीझनमधी ब्रॅनले माराले आणला होता, तोच फिरत फिरत लिटलफिंगरपाशून ब्रॅनकडं अन् ब्रॅनकडून आर्याकडं येते. हे काही ऐनवेळी सुचलेलं वाटत नाही.

बांधावरून

खंजिराची साखळी जुळते, कबूल. पण ‘हिवाळा येतो आहे’ हे पहिल्या भागापासून ऐकत आलो. पहिल्या भागाचं पहिलं दृश्यच त्या पांढऱ्या भुतांचं आहे. राजगादीसाठी भांडणाऱ्या सगळ्यांपेक्षा ते संकट मोठं, हे आपल्या मनावर सात सीझन बिंबवलं, आणि ते एका रात्रीत संपून पुढचे तीन भाग पुन्हा राजगादीचेच. त्या रात्रीनं कोणाचंही मन बदललं नाही. चौथ्या भागात मेजवानी होते, आणि लगेच नकाशावर सोंगट्या मांडायला सुरुवात. निम्मं सैन्य गेलं म्हणतात, पण गेलेल्यांची उणीव पुढं कुठंच जाणवत नाही. याला मी वाट कापणं म्हणतो.

पुस्तकांचाही भाग आहे यात. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचं. पुढचं आलंच नाही. साधारण सहाव्या सीझनपासून मालिका पुस्तकांच्या पुढं गेली. शेवटच्या मुक्कामाची नावं निर्मात्यांकडे होती, मधली गावं नव्हती. तरी सहावा सीझन चांगलाच होता, म्हणून पुस्तक नव्हतं एवढ्यावर सुटका होत नाही.

अंबाडी

शेवट आधी माहीत असल्यानं गोष्ट बिघडत नाही, हे ऑर्गनदादांचं म्हणणं मला ‘रात्रीस खेळ चाले’ वरून पटतं. आमच्या यवतमाळकडच्या घरात सासूबाईंनी ती एकही दिवस चुकवली नाही. मालवणी निम्मी कळायची नाही तरीही. पहिलं पर्व २०१६ चं, त्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. मग २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते त्याआधीच्या काळाचं. अण्णा मरणार हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक, तरी शेवंता आणि अण्णांचं काय होतं हे पाहायला सगळे साडेदहाला टीव्हीपुढं. माधव अभ्यंकरांचा अण्णा दरवेळी खाटेवर बसून जेवताना समोरच्याकडे बघायचा ते बघणंच पुरेसं होतं. तिसऱ्या पर्वाला ती पकड राहिली नाही. शेवंताही मध्येच बदलली, अपूर्वा नेमळेकर जाऊन कृतिका तुळसकर आल्या. सासूबाईंनी पाहिली शेवटपर्यंत, पण स्वयंपाकघरातून, कामं करता करता.

पळसफूल

सगळे एमीचं सांगत नाहीत म्हणून मी सांगते. याच आठव्या सीझनला ३२ नामांकनं आणि १२ एमी, त्यात सर्वोत्तम मालिकेचाही. पीटर डिंकलेजला टिरियनसाठी चौथ्यांदा मिळाला. म्हणजे त्या क्षेत्रातल्या लोकांना तो कमी वाटला नाही.

बांधावरून

पळसफूल ताई, बक्षिसं मिळाली ती डिंकलेजला, संगीताला, वेशभूषेला, तांत्रिक कामाला, आणि ती मिळायलाच हवी होती. लेखनाचं नामांकन होतं, बक्षीस मात्र दुसऱ्या मालिकेला गेलं. सर्वोत्तम मालिकेचं मिळालं, ते मला आठही सीझनांना मिळून दिल्यासारखं वाटतं. टिरियनचंच घ्या. चौथ्या सीझनमधला त्याचा खटला पाहा, आणि मग सातव्या-आठव्यात त्याचा एकही सल्ला बरोबर येत नाही ते पाहा. डिंकलेज दोन्हीकडे तितकाच ताकदीचा आहे. त्याच्या हातात दिलेले शब्द हलके झाले.

ओलीत

शब्द हलके झाले हे मी मान्य करतो भाऊ. डेनेरिसवर मात्र मी हटत नाही. तुमी एकदा चौथा, सातवा अन् आठवा असे तीनच सीझन फक्त तिच्यावर नजर ठेवून पाहा. जॉन, आर्या, सर्सी कोनाकडं पाहू नका. मंग घंटा वाजतात तवा काय वाटते ते इथं लिहा.

वडस्याचा ऑर्गन

ओलीत भाऊ, मी हे करून पाहतो, हंगाम आटोपला की. तोवर धागा वर ठेवा. आणि अंबाडीताई, न्हाणीघराच्या दृश्यात संगीत कुठं सुरू होते आणि कुठं थांबते ते एकदा कान देऊन ऐका, त्यावर मला वेगळं लिहायचं आहे.